आईची तीन वाक्यं

९ मार्च

टिल्लू,

इतके दिवस पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन निरोपांना उत्तर नाही, याची आधी माफी मागते. माफी गप्प बसल्याबद्दल आहे. पुढे जे लिहिणार आहे त्याबद्दल नाही.

फोन मी काल केला होता. "ताई, मीटिंगमध्ये आहे," म्हणालास, आणि मागे कुणीतरी "आऊट, आऊट" ओरडत होतं. म्हणून पत्र. फोनसारखा कागद मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतो, पण तो तिथेच पडून राहतो.

तुझ्या होणाऱ्या बायकोच्या घरी आपण चहाला गेलो त्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते. तू ते स्वतःला कसं सांगितलं असशील याचा मला भरवसा नाही.

आधी तुझा फोन आला. "ताई, तू तर हेच शिकवतेस. आईकडून इंग्रजीतली तीन वाक्यं बसवून घे. ती काय काम करायची, कुठे करायची, बास." तुझे सासरे निवृत्त प्राचार्य, त्यांच्या दिवाणखान्यात इंग्रजीच चालतं, आणि आई हॉस्पिटलच्या प्रशासनात होती असं तू त्यांना आधीच सांगून बसला होतास. मी म्हटलं, आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. तू म्हणालास, "मग धुलाईघर काय हॉस्पिटलच्या बाहेर होतं?" तू लिफ्ट विकतोस आणि लोकांना 'आय अ‍ॅम इन व्हर्टिकल मोबिलिटी' म्हणून सांगतोस. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी वाक्यं केली. प्रत्येक वाक्य तागडीत घालून पाहिलं, खोटं एकही नको म्हणून. 'आय वॉज विथ अ बिग हॉस्पिटल.' हॉस्पिटल मोठं होतंच. 'आय लुक्ड आफ्टर द लिनन.' चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं तीच बघायची. 'आय हॅड अ टीम अंडर मी.' दोन बायका, आणि एक बॉयलरवाला, जो कुणाच्याच हाताखाली नव्हता. खोटं कुठेच नव्हतं. तरी तिन्ही मिळून जे उभं राहत होतं ते आईसारखं दिसत नव्हतं. हे मला तेव्हाही दिसलं होतं.

आई वाळलेले कपडे घड्या करता करता पाठ करायची. एकदा म्हणाली, "मी चादरी धुतल्या, असं इंग्रजीत म्हणता येत नाही का?"

"येतं की."

"मग?"

"ते जरा साधं वाटतं," मी म्हटलं. तिनं घडी पूर्ण केली आणि पुन्हा 'लुक्ड आफ्टर' सुरू केलं.

त्या दिवशी तिन्ही वाक्यं ती न अडखळता म्हणाली. प्राचार्य खूश झाले, खुर्चीत पुढे सरकून त्यांनी विचारलं, "अँड हाऊ डू यू स्पेंड युअर डेज नाऊ?" हल्ली वेळ कसा घालवता, एवढाच प्रश्न. मराठीत विचारला असता तर आईनं त्यांना तासभर उठू दिलं नसतं. पण चौथं वाक्य आपण तिला दिलंच नव्हतं. तिनं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि म्हणाली, "आय वॉज विथ अ बिग हॉस्पिटल."

तेव्हा तू तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "प्लीज एक्सक्यूज हर. इट्स अर्ली स्टेज." मग हळू आवाजात, इंग्रजीतच, विसरायला लागलीय, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, काही दिवस चांगले जातात. आई तुझ्या हाताकडे बघून सुखावली होती. तुझा हात खांद्यावर कितीतरी दिवसांनी आला होता.

त्यानंतर सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. तुझी सासू उठून आईसमोर वाकली आणि शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई... बिस्कीट... हवंय... का?"

मराठीत. म्हणजे त्यांना येतं.

"हवंय," आई म्हणाली, "आणि मला ऐकू येतं हो." तर सगळे हसले, लहान मूल काही बोललं की हसतात तसे.

तुला एकच वाक्य म्हणायचं होतं, आईला इंग्रजी येत नाही. तुझं प्रशासन कोसळलं असतं, मान्य. म्हणून तू तिची अक्कल काढून घेतलीस.

आणि मी काय करत होते? पाचच मिनिटं आधी तू माझी ओळख करून दिली होतीस, 'माय सिस्टर इज इन एज्युकेशन.' टायरच्या दुकानावरची एक खोली, तिथे संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकणारे दहाबारा लोक, आणि खालून हवा भरण्याचा आवाज. त्याला तू एज्युकेशन म्हणालास आणि मी खुर्चीत ताठ बसले. तू आईला वेडं ठरवलंस तेव्हाही मी तशीच ताठ बसलेली होते. हे मी लपवत नाही. पण त्यानं तुझं काही कमी होत नाही.

लग्नाआधी त्यांना फोन करून खरं सांग. एवढंच मागते.

ताई


१८ मार्च

टिल्लू,

तुझं उत्तर मिळालं. मोबाइलवर, तीन ओळी. 'ताई, तू राईचा पर्वत करतेस. बोलण्याच्या ओघात निघून गेलं. लग्नानंतर सुधारणा आहे म्हणून सांगीन.'

सुधारणा. म्हणजे जो आजार नाही त्यातून ती तुझ्या सोयीनं बरी होणार. वर त्याचं श्रेयही तू घेशील, चांगला डॉक्टर शोधला म्हणून.

आता इथे काय चाललंय ते ऐक. त्या घरून परत येताना आईनं बसमध्ये विचारलं, "मला काय विचारलं होतं गं त्यांनी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अरे, हे तर मला सांगता आलं असतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हळहळ. मग तुझ्या होणाऱ्या बायकोचे फोन सुरू झाले. दातांची डॉक्टर आहे, मनानं चांगली आहे, आणि हेच जास्त लागतं. "आई, आज वार कुठला सांगा बरं?" "आई, जेवलात का? काय जेवलात?" आईला आधी गंमत वाटली. म्हणाली, "पोरीला वार माहीत नसतो, दात कसे काढते?" पण रोज रोज कुणी वार विचारायला लागलं की माणूस कॅलेंडरकडे बघायला लागतं. परवा गॅस बंद केल्यावर ती दोनदा परत बघून आली. काल किल्ली सापडेना. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मी तसं सांगितलं, तर म्हणाली, "मीच ठेवली असेन तिथे. हल्ली माझं काही खरं नाही."

तिला असं म्हणताना मी कधीच ऐकलं नव्हतं. धुलाईघरातल्या बायका तिला मुनीमजी म्हणायच्या, आठवतंय ना?

मी घाबरले, म्हणून तिला जुन्या गोष्टी विचारत बसले. हेही बरोबर केलं की नाही कोण जाणे, मीही तिची परीक्षाच घेत होते. तिनं दोन गाठींची गोष्ट सांगितली. वॉर्डांतून चादरींची गाठोडी खिडकीतून आत यायची. एक गाठ असली की उघडायचं, झटकायचं, कुणाचं काही राहिलंय का बघायचं. दोन गाठी म्हणजे संसर्गाचं, उघडायचं नाही, सरळ बॉयलरमध्ये. वरच्या मजल्यावरचा एक वॉर्डबॉय महाआळशी. उघडून दाखवायचा ताप नको म्हणून सगळ्याच गाठोड्यांना दोन गाठी मारायचा. एकदा एका म्हाताऱ्याची कवळी चादरीतच राहिली आणि उकळून निघाली. म्हातारा तोंड मिटून धुलाईघराच्या दारात येऊन उभा. आई अजून त्याची नक्कल करते. हसता हसता मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे सगळं खरंच झालं होतं ना गं? की मी जुळवतेय?"

हे तुझं काम आहे. तुझ्या ओघात निघून गेलेल्या वाक्याचं.

माझ्या वर्गात एक रात्रपाळीचा पहारेकरी येतो. 'तुमचं काम आणि कामाची जागा' हा धडा चालू होता. ब्यूटी पार्लरवाली म्हणाली ती 'वेलनेस'मध्ये आहे, ड्रायव्हर म्हणाला तो 'लॉजिस्टिक्स'मध्ये आहे. मीच शिकवलेलं सगळं. पहारेकरी उभा राहिला आणि म्हणाला, "आय सिट. देअर इज अ गेट." वर्ग हसला. मी हसले नाही. पुढचा धडा घ्यायचं सोडून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि मला तुझा राग आला, आणि राग धड तुझ्यावरच थांबेना.

दुसरी गोष्ट. लग्नाच्या जेवणाच्या दिवशी 'आईला गर्दी सोसत नाही' म्हणून तिला आतल्या खोलीत बसवायचं, सोबत एक बाई ठेवायची, असं तुम्ही ठरवल्याचं तुझ्या होणाऱ्या बायकोनं मला फोनवर सांगितलं. तिला वाटतं ही आईची काळजी. तुला ठाऊक आहे ही कसली काळजी आहे. पाहुणे आले आणि कुणी चौथं वाक्य लागेल असा प्रश्न विचारला तर. स्वतःच्या मुलाच्या लग्नात ती दाराआड पंख्याखाली बसणार, आणि बाहेर तू लोकांना सांगणार, काही दिवस चांगले जातात.

आईनं त्या दिवसासाठी चपला घेतल्यात. सध्या घरात घालून चालते, चावू नयेत म्हणून.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू सांगावंस म्हणून थांबले आहे, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण बहुधा असं, की सांगितलं तर ती पहिला प्रश्न मला विचारील, तुला तेव्हाच कळलं होतं ना?

ताई


२८ मार्च

टिल्लू,

तू फोन केला नाहीस. आता करूही नकोस. आधी हे वाच.

तुझ्या होणाऱ्या बायकोनं कुरियरनं एक पाकीट पाठवलं. गोळ्या ठेवायची सात कप्प्यांची डबी, आणि निळ्या फितीला अडकवलेलं एक कार्ड. मी वर्गावर होते. आईनंच उघडलं. कार्डावर तिचा फोटो होता, तुझ्या मोबाइलमधला, त्या चहाच्या दिवशीचा. खाली इंग्रजी. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण फितीचं कार्ड तिच्या ओळखीचं. हॉस्पिटलात डॉक्टरांना होतं, नर्सना होतं, धुलाईघराला कधीच मिळालं नाही. त्यांच्या खिडकीवर नुसता पाटीवरचा नंबर असायचा. तिला वाटलं, लग्नाच्या दिवशी घरच्यांनी घालायचा पास आहे.

दुसऱ्या दिवशी ते गळ्यात घालून ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. माझ्यासाठी खोकल्याचं औषध आणायला. मला वाटतं, थोडं मिरवायलाही.

दुकानात नवीन माणूस होता. त्यानं कार्ड वाचलं. त्यावर काय आहे ते तुला सांगायला नको, मजकूर तुलाच दाखवून छापलाय असं तुझ्या होणाऱ्या बायकोनं फोनवर सांगितलं. 'आय गेट कन्फ्यूज्ड. प्लीज कॉल माय सन.' आणि तुझा नंबर. अगदी सोपी वाक्यं. माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात येतात.

त्यानं आईला काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं आणि तुला फोन लावला. तू म्हणालास, "तिला तिथेच थांबवून ठेवा. मी बहिणीला कळवतो." मला तू एक निरोप टाकलास. वर्गात माझा फोन पिशवीत असतो.

आई म्हणत होती, मी जाते, घर हे काय समोर आहे. तो म्हणत होता, "हो आजी, जायचंय आपल्याला, बसा." ती उठली तर तो दारात उभा राहिला. ती चिडली, तर त्यानं आणखी प्रेमानं पाणी दिलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना खुणेनं दाखवत होता, डोक्याशी बोट नेऊन. शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई तिथे गेली आणि म्हणाली, "यांना कशाला कोंडून ठेवलंय? यांनी कालच माझ्या बिलातली चूक काढलीय."

मी घरी आले तेव्हा आई खुर्चीत बसली होती. कार्ड मांडीवर. नव्या चपला पायात.

"वाच," म्हणाली.

मी वाचलं. आधी इंग्रजीत. ती म्हणाली, "मराठीत." मी मराठीत सांगितलं. काही मऊ केलं नाही, एकही शब्द तागडीत घातला नाही. मग त्या चहाच्या दिवशीचंही सगळं सांगितलं. तुझा हात, तुझं वाक्य.

तिनं कार्ड उलटून पाहिलं. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "म्हणून बिस्कीट ओरडत होत्या."

"हो."

"आणि वार विचारत होती ती पोर."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. लिहायचा प्रयत्न दोनदा केला आणि खोडला.

मग तिला राग आला. टिल्लू, आपण तिचा राग पाहिलाय असं आपल्याला वाटतं. नाही पाहिलेला. आवाज चढला नाही. "धुणं धुवायची म्हणाला असता तर त्याच्या अंगाला काय भोकं पडली असती?" म्हणाली. "त्या धुण्यावर दोघांची कॉलेजं झाली. मला लाज वाटली नाही कधी, त्यालाही वाटली तर वाटू दे म्हटलं, पोरगं आहे, चार लोकांत बसतं. प्रशासन म्हणाला, म्हणू दे. तीन वाक्यं पाठ कर म्हणाला, केली. पण मी पंधरा दिवस गॅसची बटणं चाचपत फिरतेय. मला वाटलं, मी चालले. तुझ्या बापाची आई गेली तशीच, भिंतीशी बोलत. आणि हे त्याला माहीत होतं. एका फोनानं थांबलं असतं."

मी म्हटलं, आई, मी त्याला पत्रं लिहिली.

"पत्रं," ती म्हणाली. "मी शेजारच्या खोलीत होते."

मग कार्डाची फीत तिनं हातात घेतली, कार्डाभोवती गुंडाळली, गाठ मारली, वर आणखी एक. माझ्यासमोर धरलं. "हे केलंय त्यानं. दोन गाठी मारल्या. आता मी आतून काहीही बोलले तरी कोण उघडून बघणार? चिडले तर आजार, हसले तर आजार, घरी जाते म्हटलं तर आजार."

मी तुझी बाजू घेतली नाही. तरी एकदा म्हणाले, लग्न मोडलं तर? ती म्हणाली, "का मोडेल? सासू धुलाईघरात होती म्हणून मोडणार असेल तर आत्ताच मोडू दे. आणि नवरा आईला वेडी ठरवतो हे त्या पोरीला आधी कळलेलं बरं, की नंतर? तिचीही आई आहे. उद्या तीही कुठल्यातरी प्रश्नाला अडखळेल." थोड्या वेळानं म्हणाली, "मी मोडायला जात नाहीये. मी सांगायला जातेय."

जातेय. हो. तुझ्या सासऱ्यांच्या घरी, दोन बस बदलून, एकटी.

मी घाईघाईनं म्हटलं, मग मी तुला चार वाक्यं नीट करून देते, 'आय वर्क्ड इन द लॉन्ड्री' वगैरे, खरीखुरी. ती म्हणाली, "तुझी वाक्यं पुरे झाली आता. मराठीत बोलणार. त्यांना येतं. माझ्याशी बोलताना सगळे मराठीतच तर ओरडत होते."

मी येते सोबत म्हटलं. तर म्हणे, "तू आलीस की त्यांना वाटेल मला धरून आणलंय."

बसचे नंबर मी कागदावर लिहून देऊ का, असंही विचारलं. मग तिनं मला जे सुनावलं त्यानंतर मी काही विचारलं नाही.

मला भीती वाटते. तिथे तिला दारातच खुर्ची देतील, पाणी देतील, एकजण हळूच तुला फोन लावेल. तो फोन तुला येईल तेव्हा तू काय म्हणशील, सगळं त्यावर आहे. तेव्हाही तू म्हणू शकतोस, 'तिला तिथेच थांबवून ठेवा.' आणि मग ती खरंच आतून कितीही ओरडली तरी त्या घरात कुणाला ऐकू जाणार नाही. किंवा तू म्हणू शकतोस, ती सांगतेय ते खरं आहे. पाचसहा शब्द आहेत, कुठल्याही भाषेत.

तुला आधी फोन करून सावध करावं का, याचा विचार मी दुपारभर केला. आईला विचारलंसुद्धा. "सांगायचं तर सांग," म्हणाली, "मी काही चोरून जात नाहीये." पण मी तुला सावध केलं तर तू आधी त्यांना सावध करशील, आज तिचा वाईट दिवस आहे म्हणून. तुझ्याबद्दल मला असं वाटतं, हे मला फार वाईट वाटतं, आणि तरी वाटतं. म्हणून हे पत्र टपालानं. ते तुला मिळेल तोवर ती जाऊन आलेली असेल.

आत्ता ती आतल्या खोलीत साडीला इस्त्री करतेय. दार उघडं आहे. मध्येच एकदा म्हणाली, "अगं, त्या कवळीवाल्याची गोष्ट सांगू का त्या पोरीला? दातांचीच डॉक्टर आहे." मी म्हटलं, सांग. कार्ड टेबलावर आहे, दोन्ही गाठींसकट. ते बरोबर नेणार म्हणाली.

उद्याचं काम: सकाळी आईला बसच्या थांब्यापर्यंत सोडणे, आणि बस आली की तिथूनच परत फिरणे.

ताई